रेणुजीवशास्त्रज्ञाचा लौकिक कसा मोजावा?

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील ज्या पट्ट्याला लोक चौरास म्हणून ओळखतात, त्यात आसगाव हे गाव वसले आहे. आणि या पट्ट्याचे सारे अर्थकारण, पऱ्हे टाकण्यापासून चुरणीपर्यंत, धानाभोवती फिरते. विज्ञानाच्या ज्या शाखेने गेल्या अर्धशतकात धानाच्या पेशीत शिरून त्याच्या गुणसूत्रांची अक्षरे वाचली, त्या रेणुजीवशास्त्राची वार्ता अशा गावी पोहोचते ती बहुधा वर्तमानपत्रातील एका ठरावीक बातमीच्या रूपाने: अमुक विद्यापीठातील अमुक प्राध्यापकांचा जगातील अग्रगण्य दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश झाला, त्यांच्या नावे इतके शोधनिबंध आहेत, त्या निबंधांना इतक्या हजार ठिकाणी उद्धृत करण्यात आले आहे. वाचकाला अभिमान वाटतो, आणि तो वाटावा हेही योग्यच. परंतु हे आकडे नेमके कशाचे, ते कोणी व कोणत्या हेतूने मोजावयास आरंभ केला, त्यांत काय येते आणि काय येऊच शकत नाही, या प्रश्नांचा ऊहापोह मराठीत क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो एकत्रितपणे करण्याचा मानस आहे.

प्रथम मूळ व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. संशोधक आपले निष्कर्ष एखाद्या नियतकालिकाकडे निबंधरूपाने पाठवितो; त्याच विषयातील दोन-तीन जाणकार, बहुधा नाव गुप्त ठेवून, तो निबंध तपासतात; आणि तो ग्राह्य ठरल्यास छापला जातो. निबंधाच्या अखेरीस, आपण ज्यांच्या आधारावर पुढे गेलो त्या पूर्वसूरींच्या निबंधांची यादी द्यावी लागते. या यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक उद्धरण, ज्याला संशोधक मंडळी बोलताना सायटेशनच म्हणतात. उद्धरण हे कृतज्ञतेचे असू शकते, खंडनाचे असू शकते, निव्वळ शिष्टाचाराचे असू शकते, किंवा परीक्षकाने आग्रह धरला म्हणून नाइलाजाने केलेलेही असू शकते. मोजणाऱ्याच्या दप्तरी मात्र या सर्वांची किंमत सारखीच, म्हणजे एक.

ही मोजदाद पद्धतशीरपणे करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांची. तेथील वकिलांना जुना निवाडा पुढे कोणकोणत्या न्यायालयांनी ग्राह्य मानला वा अव्हेरला हे सांगणारी, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली एक सूची उपलब्ध होती. तिच्याच धर्तीवर विज्ञानासाठी सूची असावी असे गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुचविले. या योजनेचा पहिला मोठा प्रयोग अनुवंशशास्त्राच्या वाङ्मयावर झाला आणि १९६३ साली त्या शाखेची स्वतंत्र उद्धरणसूची प्रसिद्ध झाली. सर्व विज्ञानांना कवेत घेणारी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमितपणे निघू लागली ती १९६४ पासून. त्याच सुमारास गारफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या शोधाचा इतिहास आयझॅक असिमोव्ह यांच्या एका पुस्तकावरून मांडून, तोच इतिहास उद्धरणांच्या जाळ्यातूनही कितपत उलगडतो हे पडताळून पाहिले होते. सूचीचा मूळ हेतू गुणवत्तेची प्रतवारी लावण्याचा नव्हता. एखादा विचार कोठून निघाला आणि कोठवर पोहोचला याचा माग काढण्याचा होता, आणि त्या कामी ती आजही अद्वितीय आहे.

प्रतवारीचे काम तिच्या माथी मागाहून आले. कोणती नियतकालिके विकत घ्यावीत या ग्रंथपालांच्या विवंचनेवर उपाय म्हणून नियतकालिकाचा प्रभावांक निघाला. मागील दोन वर्षांत नियतकालिकाने छापलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, एवढेच तो सांगतो, आणि १९७५ पासून तो वार्षिक अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागला. ही सरासरी नियतकालिकाची, त्यातील एकेका निबंधाची नव्हे. मूठभर निबंधांना शेकडो उद्धरणे आणि उरलेल्या बहुसंख्यांना अगदी थोडी, अशीच विषम वाटणी जवळजवळ सर्वत्र आढळते. तरीही निवड समित्यांपुढे उमेदवार आपल्या निबंधांसमोर प्रभावांक लिहू लागले आणि समित्या त्यांची बेरीज करू लागल्या. पुढे २००५ साली कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी एक सुटसुटीत अंक सुचविला: ज्याचे किमान वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले त्याचा एच-निर्देशांक वीस. अंक सोपा असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु तो वयाबरोबर वाढतच जातो, कधी घटत नाही, आणि एकच युगप्रवर्तक निबंध लिहून थांबलेल्या माणसाचा निर्देशांक एकावरच अडतो. शिवाय शाखाशाखांची चाल निराळी. रेणुजीवशास्त्रात निबंध पुष्कळ, प्रत्येकातील संदर्भांची यादी लांब आणि लेखकांची संख्या मोठी. गणितात यांतील प्रत्येक गोष्ट उलट. त्यामुळे या दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे होते.

वर्तमानपत्रांतील 'दोन टक्के' ही यादी या दोषांवर काही अंशी उपाय करते हे मान्य केले पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ती प्रथम सिद्ध केली. तीत सहा निरनिराळ्या मापांचे मिश्रण असते, एकट्याने, प्रथम वा अंतिम स्थानी राहून केलेल्या लेखनाला वेगळे वजन दिले जाते, उपशाखेनुसार वर्गवारी होते, आणि लेखकाने स्वतःचीच उद्धरणे केली असल्यास ती वगळून काय उरते हेही दाखविले जाते. एकाच वर्षाच्या कामगिरीची यादी निराळी आणि संपूर्ण कारकिर्दीची निराळी असते. बातमीत हा भेद बहुधा गळून पडतो. या साऱ्या दक्षतेनंतरही यादीचा कच्चा माल एकच राहतो, तो म्हणजे उद्धरणांची संख्या.

ही संख्या काय सांगते हे जाणण्यासाठी सर्वाधिक उद्धृत निबंध कोणते ते पाहावे. ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. २०१४ साली 'नेचर'ने केलेल्या गणनेत तो निबंध तीन लाखांहून अधिक उद्धरणांसह जगात पहिला आला. दुसऱ्या व तिसऱ्या स्थानी असलेले, अनुक्रमे १९७० व १९७६ सालचे निबंधही प्रथिने वेगळी करण्याच्या आणि मोजण्याच्या रीतींचेच होते. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा निबंध मात्र पहिल्या शंभरांतही नव्हता. जे ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडते त्याचा उगम सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. वनस्पतींवर काम करणाऱ्यांचा अनुभव याहून बोलका आहे. पानातून डीएनए काढण्याची डॉइल दांपत्याची रीत १९८७ साली एका छोट्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या पत्रिकेत अवघ्या पाच पानांत छापली गेली. आज धानापासून आंब्यापर्यंत कोणत्याही झाडाचा डीएनए काढणारा विद्यार्थी ती उद्धृत करतो, आणि तिच्या उद्धरणांची संख्या हजारोंच्या घरात आहे. लाउरी स्वतः आपल्या त्या निबंधाला थोर मानीत नसत. उद्धरण हे प्रामुख्याने उपयोगाचे माप आहे, आणि तेही निबंध लिहिणाऱ्यांना झालेल्या उपयोगाचे. प्रतिभेशी त्याचा संबंध असलाच तर दूरचा.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सापडते. १९५० साली स्थापन झालेल्या आणि मुख्यतः रसायनशास्त्रासाठी ख्यातनाम असलेल्या या संस्थेत प्रभाकर रांजेकर यांच्या नेतृत्वाखाली वनस्पतींच्या रेणुजीवशास्त्राचा गट उभा राहिला आणि विद्या गुप्ता यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला. धानाच्या लागवडीच्या व रानटी प्रजातींमधील नाते डीएनएच्या खुणांवरून ठरविणारा या गटाचा एक निबंध, फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने, २००० साली एका मान्यवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तथापि याच गटातील जोशी, रांजेकर आणि गुप्ता यांनी आदल्याच वर्षी बंगळुरूच्या 'करंट सायन्स'मध्ये लिहिलेला, वनस्पतींच्या जनुकसंचाच्या अभ्यासातील रेणवीय खुणांचा आढावा घेणारा लेख शेकडो निबंधांत उद्धृत झाला. त्यात नवा प्रयोग नव्हता. विखुरलेले ज्ञान नीट लावून, कोणती खूण कोठे उपयोगी व कोठे निरुपयोगी हे सांगण्याचा विवेक होता, आणि देशभरच्या कृषी विद्यापीठांतील, जेथे परदेशी नियतकालिके दुर्मीळ होती अशा ठिकाणच्या, विद्यार्थ्यांना नेमके तेच हवे होते. भारतीय नियतकालिकाचा प्रभावांक अल्प, म्हणून त्यातील लेख अल्प मोलाचा, हा सिद्धान्त एवढ्या एका उदाहरणाने ढासळतो.

मोजणीतील आणखी एक अडचण आपल्या नावांतच आहे. यंत्र आडनाव आणि आद्याक्षर पाहते, 'पाटील एस.' वा 'देशमुख ए.' या नावाखाली किती भिन्न माणसांचे काम एकत्र होत असेल याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल. याच्या उलट, एकाच व्यक्तीचे काम दोन नावांत विभागले जाण्याचा प्रकार विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला येतो. कमला भागवत यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली प्रवेश मिळविण्यासाठी सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडावे लागले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर रॉबिन हिल यांच्यासह १९३९ साली 'नेचर'मध्ये टिपण लिहिले, आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता असे सांगतात. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्ये इत्यादी सामान्यांच्या अन्नपदार्थांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम या नव्या नावाखाली आले. सूची चाळणाऱ्या अनभिज्ञ माणसाला भागवत आणि सोहोनी या दोन व्यक्ती वाटाव्यात, आणि दोघींचीही कामगिरी निम्मीच दिसावी. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी ऑर्किड ही व्यवस्था २०१२ साली अस्तित्वात आली. हा घोटाळा तिच्यामुळे पुढील पिढ्यांपुरता दूर होईल, मागील पिढ्यांचा हिशेब मात्र माणसालाच जुळवावा लागेल.

या मापांचे खरे वजन जाणवू लागले ते सरकारदरबारी त्यांना स्थान मिळाल्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, आणि २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकाशी जोडल्या. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेचे साहित्य बेताचे, नियतकालिकांची वर्गणी भरण्यास पैसा नाही आणि अध्यापनाचे तास भरपूर, तेथील अध्यापकालाही निबंधांची तीच अट लागू झाली. मागणी निर्माण होताच बाजार उभा राहिला: पैसे घेऊन काही दिवसांत वाटेल ते छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी तयार केली तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीने अशी अनेक नियतकालिके तीतही शिरली. पुण्याच्या भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या सूचनेवरून आलेल्या आणि अन्य प्रमाणित सूचींत नसलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याचा संभव होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली आणि नव्या यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे सोपविले. पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांनी उठली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती नवी यादीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवरच टाकण्यात आली. हुकमाने सुरू झालेली मोजणी हुकमानेच आवरती घ्यावी लागली, असा हा सोळा वर्षांचा इतिहास आहे.

आता उद्धरणे आणि शेत यांच्यामधील अंतराकडे वळू. धानावर येणाऱ्या रोगांत जिवाणूजन्य करपा हा एक उपद्रवी रोग आहे. त्यात पाने कडेने वाळत जातात आणि लोंबी पोचट राहते. आफ्रिकेतील माली देशातून आलेल्या एका रानटी धानात या रोगाला तोंड देण्याची शक्ती आहे हे कटकच्या भात संशोधन संस्थेत ध्यानात आले. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील गुरुदेव खुश यांच्या गटाने ती शक्ती संकराने लागवडीच्या धानात उतरविली. आणि तिला कारणीभूत असलेला एक्सए-२१ हा जनुक कॅलिफोर्नियातील पामेला रोनाल्ड यांच्या गटाने वेगळा काढून १९९५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. उद्धरणांचा मोठा ओघ या अखेरच्या निबंधाकडे गेला. ज्या रानधानापासून सर्व निघाले त्याचा सांभाळ करणारे मालीतील लोक अर्थातच कोणत्याही यादीत नाहीत. पुढे याच गटाला या जनुकासंबंधीच्या आपल्या दोन उत्तरकालीन निबंधांतील चूक आढळली, तेव्हा रोनाल्ड यांनी ते निबंध २०१३ साली स्वतःहून मागे घेतले. चूक कबूल करण्याच्या या सचोटीलाही कोणत्याच निर्देशांकात गुण नाहीत. हैदराबादच्या दोन संस्थांनी हा जनुक आणखी दोन जनुकांसह, डीएनएच्या खुणांचा मागोवा घेत, लोकप्रिय सांबा मसुरी वाणात आणला, आणि २००८ साली सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांच्या हाती आली. या कामाचे निबंध आहेत, त्यांना उद्धरणेही मिळाली; परंतु ज्या बांधीत करप्याने होणारे नुकसान टळले तेथील शेतकरी निबंध लिहीत नाही, म्हणून त्याचे ऋण कोठेही नोंदले जात नाही.

विदर्भाला याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यातील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बियाणे वर्षानुवर्षे निवडून वाढविले, आणि त्यातून निघालेल्या बारीक दाण्याच्या वाणाला त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी हे नाव पडले. हे वाण पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात आणि त्याबाहेरही पसरले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' हे शुद्ध केलेले वाण प्रसारित केले, तेव्हा मूळ निवडीचे श्रेय कोणाचे यावर दीर्घ काळ वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारणारे खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी निवर्तले. त्यांच्या नावे शोधनिबंध नाही, म्हणजे रूढ मापाने त्यांचा निर्देशांक शून्य. आणि तरी त्यांच्या निवडीचा भात ज्यांच्या ताटात पडला त्यांची संख्या कोणत्याही प्रथितयश निबंधाच्या वाचकांहून कितीतरी मोठी असेल.

यावरून उद्धरणे निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. धानाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन दहा देशांच्या सहकार्याने २००५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अकराव्या गुणसूत्राच्या वाचनाचा वाटा उचलण्यात दिल्लीतील भारतीय संस्था सहभागी होत्या. त्या निबंधाला मिळालेली हजारो उद्धरणे म्हणजे त्या पायावर जगभर चाललेल्या बांधकामाचा विश्वसनीय पुरावा होय. एखाद्या संशोधकाचे काम त्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे, संस्थेपलीकडे, देशापलीकडे कोणी वापरले की नाही, हे उद्धरणांइतके निःपक्षपातीपणे दुसरे काही सांगत नाही. आणि जेथे ओळख, जात, गाव व वशिला यांचा निवडीवर प्रभाव पडतो त्या आपल्या समाजात, बाहेरच्या अनोळखी माणसाने दिलेली ही साक्ष अनेक गुणी पण निराधार तरुणांना तारणारी ठरली आहे. दोष साक्षीत नाही. एकाच साक्षीवर निकाल देण्यात आहे. सातबाऱ्यावरून जमीन कोणाच्या नावे आणि किती, हे कळते. तिचा कस कळण्यास शेतातच उतरावे लागते.

जाणत्यांनी हे ओळखले आहे. पेशीजीवशास्त्रज्ञांच्या २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतील मेळाव्यातून निघालेल्या जाहीरनाम्याने, व्यक्तीचे मूल्यमापन करताना नियतकालिकाचा प्रभावांक वापरू नये असे स्पष्ट सांगितले. उद्धरणांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय अशा तज्ज्ञांनी २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात आकड्यांनी तज्ज्ञाच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, असे प्रतिपादले, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे हेही आवर्जून नमूद केले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१८ च्या आपल्या धोरणपत्रात कोठे छापले यापेक्षा काय छापले याला प्राधान्य दिले. वाचनाची सोयही वाढत आहे: 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या २०२४ साली मंजूर झालेल्या योजनेने सुमारे १३,००० नियतकालिके देशातील ६,३०० शासकीय संस्थांना खुली होत असल्याने, शासकीय विद्यापीठातील विद्यार्थ्याला मूळ निबंध वाचणे पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही.

म्हणून रेणुजीवशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा विचार करणाऱ्या समितीने, संस्थेने वा वृत्तपत्राने निदान चार गोष्टी पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. त्याचे आकडे त्याच्या उपशाखेच्या आणि त्याच वयाच्या संशोधकांशी, स्वतःची उद्धरणे वगळून, ताडून पाहावेत. त्याने स्वतः निवडलेले पाच निबंध प्रत्यक्ष वाचावेत आणि त्यांतील त्याचा वाटा कोणता हे विचारावे. बहुलेखकी निबंधात काम करणाऱ्या, पण यादीत मध्येच कोठेतरी दडलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले याची चौकशी करावी. आणि चौथी गोष्ट, जी आपल्या प्रांतात सर्वांत उपेक्षित राहिली आहे: त्याच्या ज्ञानातून निघालेले बियाणे, रीत वा इशारा कोणत्या शेतात, दवाखान्यात वा शाळेत पोहोचला, आणि त्याने आपले काम मराठीत कोणास समजावून सांगितले, याची लेखी नोंद मागावी. या चौथ्या नोंदीसाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. कृषी संशोधन केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे आणि महाविद्यालये यांच्याकडे वाणांच्या प्रात्यक्षिकांचा व बियाणे वाटपाचा तपशील असतोच, फक्त तो आज अनुदानाच्या हिशेबापुरता लिहिला जातो. संशोधकाच्या बढतीच्या कागदपत्रांत तो उद्धरणांच्या तक्त्याशेजारी ठेवण्याची प्रथा पडली, तर निबंध लिहिणारे आणि धान पिकविणारे या दोहोंचे त्या संशोधकाला असलेले देणे एकाच ठिकाणी वाचता येईल. आणि दोन टक्क्यांच्या बातमीने आनंदलेल्या चौरासमधील शेतकऱ्यालाही, या प्राध्यापकांनी आमच्या पिकासाठी काय केले, असा साधा प्रश्न अधिकाराने विचारता येईल.